सदोष म्हणे मी!

बोलतोय, बोलतोय. जरा दम धरा.

ह्या ड्रॉवरातल्या मंडळींना दुसरा उद्योग नाही. कात्री म्हणते, "आजोबा, तुमची हकिगत सांगा ना." सुईदोऱ्याचा डबा म्हणतो, "सांगाच!" आणि मापाची टेप तर गुंडाळी सैल करून बसलीय, जशी काही माझी लांबी-रुंदी घेणार आहे. अरे, मी काय सभा गाजवणारा पुढारी आहे? एका जागी एक ठोका मारायचा आणि गप्प बसायचं, ह्यासाठी माझा जन्म. एकदा बोललं की बोललं. तेच दोनदा बोललं तर कागद खराब होतो. पण तुम्ही काही पिच्छा सोडणार नाही. तेव्हा ऐका, आणि मधे मधे तोंड घालू नका.

मी एक शिक्का. तारखेचा. त्यातही परतीच्या तारखेचा. वाचनालयातून पुस्तक घरी नेताना शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर ठप्पकन तारीख उठते ना, ह्या दिवसापर्यंत परत आणा म्हणून, तो ठप्प म्हणजे मी.

शिक्षण विचाराल तर एकतीस आकडे, बारा महिने आणि बारा वर्षं. संपलं. महिन्यांचीही अख्खी नावं येत नाहीत. ऑक्टो, नोव्हें, डिसें. पुढचं माणसानं आपलं आपण समजून घ्यायचं. आणि जे येतं तेही उलटं. माझ्या छातीवर सगळं उलटं कोरलेलं आहे, म्हणून कागदावर सुलटं उमटतं. आयुष्यभर हजारो पुस्तकांच्या पोटात शिरलो, पण एकाही पुस्तकाचं एक वाक्य मला वाचता आलेलं नाही. लाज कसली त्यात? पुस्तकं वाचलेल्यांनी काय दिवे लावले ते पुढे येतंच.

जन्म झाला तो एका बोळातल्या शिक्केवाल्याकडे. माणूस भिंगातून बघायचा आणि शिट्टी वाजवत रबर कापायचा. त्याच्या फळीवर माझ्या एका बाजूला 'रद्द' होता. रागीट प्राणी, कुणाशी धड बोलला नाही. दुसऱ्या बाजूला 'सत्यप्रत'. ह्याला भलता माज. "मी बसलो की खोटंसुद्धा खरं होतं," म्हणायचा. मला तेव्हा ते कळलं नाही. आता कळतं, पण नीट नाही.

लाकडी मूठ, लोखंडी चौकट, तीन रबरी पट्टे आणि ते फिरवायला तीन चाकं. वर्षाच्या पट्ट्यावर बारा वर्षं. म्हणजे माझं आयुष्य बारा वर्षांचं, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं. तुमच्यासारखं नाही, कधी जायचं त्याचा पत्ता नाही. शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या तारखेला माझी नोकरी संपणार होती आणि मला एवढंच हवं होतं, की बारा वर्षांत एक तारीख चुकली नाही असं म्हणवून घेऊन बाहेर पडावं. मोठी हाव नव्हती.

पहिली चार वर्षं मी एका म्हाताऱ्या ग्रंथपालांच्या हातात होतो. शिस्तीचा माणूस. सकाळी आले की आधी माझं चाक एक घर पुढे. आजपासून चौदा दिवस मोजायचे, ती तारीख लावायची. त्या दिवशी वाचनालयाला सुट्टी असेल तर त्याच्या पुढची. म्हणजे मी कायम चौदा दिवस पुढे. लोक टेबलाशी येतात, "आज कितवी हो?" विचारतात, माझ्याकडे बघतात आणि गोंधळतात. मी त्यांच्याहून जास्त गोंधळतो. 'आज' नावाची जी काही तारीख असते, ती मी कधी कागदाला लावलेलीच नाही.

म्हातारे निवृत्त झाले आणि बाई आल्या. आमच्या ग्रंथपाल बाई. तेव्हा चाळिशीच्या आसपास असतील. अंगानं किरकोळ, चष्मा, आवाज असा की समोरच्याला वाटावं, ह्या आपल्याशीच कुजबुजतायत. मी मनात म्हटलं, ही काय मला मारणार! आणि खरंच, पहिली दोन-तीन वर्षं बाई मनगटातून मारायच्या. पुचाट ठोका. आकडा उठायचा, महिना अर्धा राहायचा.

मग एके दिवशी काय झालं कुणास ठाऊक, बाईंचा हात बदलला. पाय जमिनीत रोवल्यासारखे, खांदा सैल आणि ठोका थेट कंबरेतून. ठप्प! चिठ्ठीवर तारीख अशी बसली की मागच्या पानावर तिचा उठाव आला. समोरचे पेपरकाका दचकले. हे रोज सकाळी पेपर वाचायला येणारे एक निवृत्त गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, पुस्तकानं काय घोडं मारलंय तुमचं?"

बाई लाजल्या. "नाही हो काका. कराटेचा क्लास लावलाय. सर म्हणतात, हात मारू नका, कंबर मारा."

"ह्या वयात?"

"काका, ह्या वयातच गरज असते."

तेव्हापासून माझं सोनं झालं. पण डोकंही फिरलं. कारण बाई म्हणजे काय प्रकार आहे, ते मला कळेनासं झालं. दुपारी वाचनालय रिकामं झालं की ही बाई इतिहासाच्या आणि भूगोलाच्या कपाटांच्या मधल्या बोळात जायची, चपला काढायची, साडीचा पदर खोचायची आणि हवेत लाथा मारायची. हवेनं काय केलं होतं? एक पाऊल पुढे, वळण, हाताचा आडवा फटका, परत वळण. तेच तेच, तेच तेच. त्याला काता म्हणतात, असं त्या पेपरकाकांना सांगत होत्या. ठरलेल्या शत्रूंशी ठरलेली मारामारी, फक्त शत्रू दिसत नाहीत. मला वाटलं, डोळे तपासायला हवेत बाईंचे. आणि एवढ्या लाथा घालून झाल्या की टेबलाशी येऊन कुणाच्या तरी पुस्तकाचं फाटलेलं पान असं हळुवार चिकटवायच्या, जसं बाळाचं नाक पुसावं.

दुसरा गोंधळ कानातला. बाईंच्या डाव्या कानात एक बोंडूक असायचं. उजवा कान सभासदांसाठी, डावा त्याच्यासाठी. मला आधी वाटलं, कान दुखतो. मग एकदा त्यांनी ते काढून माझ्या शेजारी ठेवलं, तर आतून माणसं बोलत होती! कुणी बाई रडते काय, दार वाजतं काय, पावलं वाजतात काय. एवढ्याशा बोंडकात एवढी माणसं दाटीवाटीनं कशी राहतात, आणि त्यांना कुणी बाहेर का काढत नाही? नंतर कळलं, त्या गोष्टी असतात. मोबाईलवरून ऐकायच्या गोष्टी. चारी बाजूंना चाळीस हजार पुस्तकं, आणि ही बाई गोष्ट ऐकायला कानात बोंडूक घालते. म्हणजे हलवायानं शेजाऱ्याकडे साखर मागायला जावं तसं झालं.

पेपरकाकांनी विचारलंच. बाई म्हणाल्या, "काका, दिवसभर अक्षरं बघून डोळे थकतात. कान रिकामेच असतात ना?"

त्यांची एक मालिका होती, गेलं वर्षभर चाललेली. एक बाई घरातून नाहीशी झालेली असते, आणि तिच्या धाकट्या बहिणीला दर आठवड्याला एक फोन येतो. समोरून कुणी बोलत नाही. फक्त श्वास. मला ती तुकड्या-तुकड्यानं कळायची, बाई कोपर टेकून वाकल्या की. फोन करणारी थोरली बहीणच असावी, असा आमच्या बाईंचा पक्का संशय. एकदा तर काउंटरवर चार माणसं उभी असताना त्या एकदम ओरडल्या, "अगं, खरं काय ते सांगून टाक ना एकदाचं!" पुस्तक बदलायला आलेला गृहस्थ घाबरून म्हणाला, "बाई, पान माझ्याकडून नाही फाटलं, आधीच फाटलेलं होतं."

तर अशी ही बाई. कानातल्या माणसांचं खोटं जिला सहन होत नव्हतं, ती. हे लक्षात ठेवा म्हणत नाही, पण सांगून ठेवतो.

आता मुद्द्याचं. माझं बारावं, शेवटचं वर्ष. ऑक्टोबर. बाई सत्तेचाळिशीच्या, ब्राऊन बेल्टवर दोन वर्षं अडकलेल्या. काळ्या पट्ट्याची परीक्षा वर्षातून एकदाच, बाहेरून परीक्षक येतात. दोन वर्षांपूर्वी परीक्षेच्या आठवड्यात त्यांची आई पडली आणि बाई दवाखान्यात बसून राहिल्या. गेल्या वर्षी गुडघा सुजला. ह्या वर्षी डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, "ह्या वर्षी द्या हवं तर. पुढच्या वर्षी मी उडी मारू देणार नाही." म्हणजे आता नाही तर कधीच नाही. बाई दुपारचा डबा घाईघाईनं संपवून कपाटांमध्ये घुसायच्या. हवेतले शत्रू त्या महिन्यात फार मेले.

दहा तारखेला दुपारी बाईंनी परीक्षेचा फॉर्म काढला. मुदत वीसपर्यंत. मोत्यासारख्या अक्षरात भरला. नाव, वय, वजन, किती वर्षं शिकताय. एक चौकोन राहिला, दिनांकाचा. तेवढ्यात मुलांच्या पुस्तकांची खेप परत आली. पंधरा-वीस पुस्तकं. एका शाळेच्या बाई आल्या होत्या, त्या नवी पुस्तकं एकामागून एक सरकवत होत्या, शेवटचं पान उघडून. आणि नेमका त्याच दिवशी मालिकेचा शेवटचा भाग. फोन कोण करतं ते आज कळणार!

आमच्या टेबलाची एक रीत आहे. उघडं पान समोर आलं की बाई बघत नाहीत. हात आपोआप येतो. गादी, ठप्प. गादी, ठप्प. बाईंची नजर कुठेतरी लांब, पंख्याच्या पात्यावर. डावा कान गच्च दाबलेला. ठप्प. ठप्प. शाळेच्या बाईंची पुस्तकं संपली, तरी हात थांबला नाही. समोर एक कागद पसरलेला होता, त्याला एक रिकामा चौकोन होता. ठप्प! कंबरेतून.

मला काय कळणार? माझ्याखाली कागद आला, मी बोललो. चोवीस ऑक्टो. दहा अधिक चौदा चोवीस. बिनचूक.

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "थोरलीच होती," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या, नाक पुसलं, फॉर्मची घडी घातली आणि संध्याकाळी क्लासच्या ऑफिसात देऊन आल्या. घडी उघडून पाहिलीच नाही.

एकोणीस तारखेला फोन आला. बाईंचा चेहरा असा पडला की मला वाटलं, कुणी गेलं. फोन ठेवला, मला उचललं, रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं. बारा वर्षांत पहिल्यांदा मी वाचनालयाबाहेर पडलो. कंगवा, किल्ल्या, गुडघ्याचा पट्टा आणि मी. काही समजेना.

क्लासच्या ऑफिसात एक गृहस्थ बसतात. पोरं त्यांना पाठीमागे फाईलभाऊ म्हणतात. वाईट माणूस नाही. पण कागदावर जे नाही ते जगात नाही, असं त्याचं मत. बाईंनी मला टेबलावर ठेवलं.

"हा बघा फॉर्म," फाईलभाऊ म्हणाले. "तारीख चोवीस. मुदत वीस. बाद."

"अहो, पण आज एकोणीस आहे ना!"

"तेच तर म्हणतोय मी. चोवीसचा फॉर्म एकोणीसला माझ्या फायलीत आलाच कसा?"

"मी दहा तारखेला तुमच्या हातात दिलाय. तुम्ही तेव्हा चहा पीत होता."

"मी काय पीत होतो ते फायलीला लागत नाही, बाई."

"हा आमचा परतीच्या तारखेचा शिक्का. चौदा दिवस पुढचा असतो. चुकून मारला गेला."

"कसा काय चुकून?"

 कानात गोष्ट चालू होती, हे कोण सांगणार? हॉलमधून पोरांच्या ओरडण्याचा आवाज येत होता. हाऽ! हाऽ! बाईंचं लक्ष सारखं तिकडे जात होतं.

"मला नवा फॉर्म द्या. आत्ता भरते, इथेच उभी राहून."

"एका माणसाला एकच. क्रमांक पडलाय त्यावर." मग फाईलभाऊंना बहुधा दया आली. त्यांनी एक जाडजूड वही उघडली. "हे बघा, तारखेत फरक असेल तर मला कारण लिहावं लागतं. कारणं तीनच आहेत. टपालाला उशीर, आजारपण, किंवा उपकरणात दोष. चुकून असं कारण नाही. तुमच्या संस्थेच्या कागदावर लिहून आणा, शिक्का सदोष आहे म्हणून. सही, जावक क्रमांक. उद्या पाचच्या आत. घेतो फॉर्म."

"पण शिक्का सदोष नाहीये हो."

"मग कशात दोष आहे?" फाईलभाऊंनी अगदी सरळ विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाईंकडे. 

वीस तारखेला सकाळी बाईंनी माझं चाक फिरवलंच नाही. आधी वाचनालयाचा छापील कागद घेतला. त्यांना लिहिताना पुटपुटायची सवय आहे, म्हणून मला कळलं. आधी लिहिलं, "सदर शिक्का अधूनमधून..." फाडला. मग, "सदर शिक्क्यात किंचित..." तोही फाडला. मग बराच वेळ पंख्याकडे बघत बसल्या. कानात बोंडूक नव्हतं त्या दिवशी. शेवटी एका दमात लिहिलं, "सदर शिक्का जुना व सदोष असून त्यातून चुकीची तारीख उमटते." खाली सही. आणि त्यावर वाचनालयाचा गोल शिक्का. माझ्याच टेबलावरचा, माझ्याच गादीवर शाई पिणारा, बारा वर्षांचा शेजारी. तो निमूटपणे बसला माझ्या बदनामीवर. मी विचारलं तर म्हणतो, "मला काय वाचता येतं का?" त्याचंही बरोबर आहे. मलाही येत नाही.

फॉर्म घेतला गेला. बाई क्लासमधून आल्या त्या हलक्या होऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाटांमध्ये तीन-तीन काता केल्या. मला मात्र एक नवाच घोर लागला. चुकीची तारीख. सगळं जग दहाला दहा म्हणत होतं, मी चोवीस म्हणत होतो. एकटाच. मग बारा वर्षं मी चुकीचंच तर बोलत नव्हतो? सांगायला सोपं आहे, पण माझ्या जागी बसून बघा. जो शिकलेला आहे तो पुस्तकात बघून खात्री करतो. मी कुठे बघू?

पत्राची नोंद जावक रजिस्टरात होती. महिनाअखेरीला वाचनालयाचे चिटणीस आले. रजिस्टर चाळायची त्यांची सवय. बोट एका ओळीवर थांबलं.

"बाई, शिक्का सदोष? हे काय? म्हणजे सभासदांना आपण चुकीच्या तारखा देतोय?"

"तसं नाही साहेब, ते जरा..."

"जरा काय? तुमचीच सही आहे. बदला तो. नवीन मागवा. आणि तोपर्यंत सूचना लावा."

बाई उभ्या राहिल्या. तोंड उघडलं. परीक्षेला आठ दिवस होते. खरं सांगितलं असतं तर पत्र खोटं, पत्र खोटं तर फॉर्म बाद. तोंड मिटलं. मला हे तेव्हा समजलं नव्हतं, आता विचार करून करून समजलंय. समजलंय म्हणजे राग गेलाय असं नाही.

सूचना लागली: "चिठ्ठीवरील तारखेबाबत काउंटरवर खात्री करून घ्यावी." झालं! आठ दिवसांत सगळ्या आळशांचं फावलं. जो तो उशिरा यायचा आणि छाती काढून म्हणायचा, "तुमचा शिक्काच बिघडलाय म्हणे!" एक पोरगी महिन्यानं पुस्तक घेऊन आली तरी तेच. मी खाली मान घालून गादीवर पडलेला.

एकट्या पेपरकाकांनी माझी बाजू घेतली. त्या सूचनेसमोर चष्मा वर-खाली करत उभे राहिले आणि काउंटरवर येऊन म्हणाले, "बाई, मी बारा वर्षं इथून पुस्तकं नेतोय. घरी कॅलेंडर आहे माझ्या. ह्या शिक्क्यानं मला एकदाही फसवलेलं नाही. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

बाई पुस्तकाला कव्हर घालत होत्या. मान वर केली नाही. "जुना झालाय ना काका," म्हणाल्या.

"जुना तर मीही झालोय!" पेपरकाका फणकारले आणि पेपर घेऊन कोपऱ्यात जाऊन बसले. त्या दिवशी बाईंशी बोलले नाहीत.

परीक्षा नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी झाली. मी नव्हतो तिथे, पण सोमवारी बाईंनी पेपरकाकांना उभ्याउभ्या सगळं सांगितलं.  एकोणीस जण, सगळे बाईंच्या अर्ध्या वयाचे. उडीनंतर गुडघ्यातून कळ आली, पण गुडघा टेकला नाही. शेवटी परीक्षकांनी विचारलं, "काय करता तुम्ही?" त्या म्हणाल्या, "पुस्तकं देते." परीक्षक म्हणाले, "तरीच. तुमचा हात न बघता जागेवर पडतो." बाई पास झाल्या. पेपरकाकांनी रुसवा सोडून टाळ्या वाजवल्या. मीही, खोटं कशाला बोलू, खूश झालो. न बघता जागेवर पडणारा तो हात कुणाच्या मुठीवर तयार झाला? माझ्या. पण हे त्यांनी परीक्षकांना सांगितलं नाही.

त्याच दुपारी नवा शिक्का आला. प्लास्टिकचा, पोटात शाई घेऊन आलेला. दाबला की क्लिक म्हणतो. ठप्प नाही, क्लिक! मला बाद सामानाच्या खोक्यात टाकलं, मोडक्या स्टेपलरशेजारी. यादीत माझ्या नावापुढे लिहिलं, सदोष. बाईंनीच लिहिलं. पुटपुटल्या नाहीत, पण एवढा एक शब्द आता मला पेन घासण्याच्या आवाजावरूनही ओळखू येतो.

एक गोष्ट सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकतर्फी बोलतो. चार दिवसांनी चिटणीस आले तेव्हा बाई त्यांच्या खुर्चीजवळ गेल्या. 

"साहेब, त्या शिक्क्याचं जरा..."

"आला ना नवीन?"

"हो. आला."

"चांगला उठतो ना?"

"हो, चांगला उठतो."

"मग झालं तर," म्हणून चिटणीस दुसऱ्या फायलीकडे वळले. बाई परत आल्या. न दिसणाऱ्या शत्रूंना लोळवणारी बाई, आणि समोर बसलेल्या एका चिटणीसापुढे दोन वाक्यं निघाली नाहीत. मला हे कोडं अजून सुटलेलं नाही. लाथ मारणं सोपं आणि बोलणं अवघड, असं का असतं माणसांत?

खोकं रद्दीत जायच्या आदल्या दिवशी बाईंनी मला हळूच काढून घेतलं. रुमालात गुंडाळून घरी आणलं आणि ह्या ड्रॉवरात ठेवलं. डिसेंबर आला आणि गेला. माझी शेवटची तारीख न मारताच सरली. छातीवर अजून नोव्हेंबरातलीच एक तारीख आहे, नवा शिक्का आला त्या सकाळी बाईंनी लावलेली. त्याला किती दिवस झाले कुणास ठाऊक. माझा आता हिशोबच लागत नाही. जाऊ दे.

मागच्या आठवड्यात बाईंच्या आई दोरा शोधायला आल्या आणि मी त्यांच्या हाताला लागलो.

"अगं, हा इथे कशाला? बिघडलाय ना हा?"

बाई स्वयंपाकघरात होत्या. तिथूनच म्हणाल्या, "नाही गं आई. काही बिघडलेला नाही तो. मीच..."

आणि दूध उतू गेलं. बाई गॅसकडे धावल्या, आई फडकं शोधायला. 'मीच'च्या पुढचं राहिलं ते राहिलं. मी आठ दिवस ड्रॉवराच्या फटीला कान लावून आहे.

तर ही हकिगत. आता कात्रीबाई, डोळे पुसू नका, गंजाल. मला नोकरी परत नको. यादीतला शब्द खोडायलाही कुणी जाऊ नका, खोडलेलं जास्तच दिसतं. फाईलभाऊंवर माझा राग नाही, त्यांच्या वहीत तीनच कारणं होती. चिटणीसांवर नाही, ते कागदावर विश्वास ठेवतात, तेच त्यांचं काम. गोल शिक्क्यालाही मी सोडून दिलं. पण कुणीतरी ह्या ड्रॉवरासमोर उभं राहून, कानातलं बोंडूक काढून, 'मीच'पासून पुढचं वाक्य पूर्ण करायचं राहिलंय. तुम्ही विचाराल कुणी, म्हणून नाव घेऊनच गप्प बसतो. आमच्या ग्रंथपाल बाईंनी.